काडीला तोंड लावायचं नाही

प्रिय आई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्यामुळे कागद बरेच लागले. चिडू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस. मी ‘इस्पितळ’ शब्द अर्धा उच्चारतो तोच तुझी लाइन जाते, आणि मागून शेजारची वस्तीमावशी कळवते की इंद्रमायूत हल्ली टॉवर नीट चालत नाही. त्याच टॉवरवरून तू गल्लीतल्या बायकांना सकाळ-संध्याकाळ गुलाबाची चित्रं पाठवतेस. लिहिलेले निरोप तू उघडतेस, पण वाचत नाहीस, कारण चष्मा सापडत नाही. म्हणून कागद. प्रवासी गाडीवाला आसेप हे पाकीट तुझ्याच हातात देईल, मावशीच्या नाही. तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. खिडकीपाशी बस, डावा डोळा लाव आणि सगळं स्वतः वाच. दोन पानं खाडाखोड झाली म्हणून पुन्हा लिहिलीत, तेव्हा अर्ध्यावर सोडू नकोस.

इकडे लेंबांगला थंडी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये नटांच्या चेहऱ्यांना लावायचं सिलिकोन वाळता वाळत नाही. माझी अक्कलदाढ ठणकतेय, एका बाजूने जेवतोय. शूटिंग थांबलंय ते तुला माहीत आहेच. तुझ्यामुळे थांबलंय असं कोणी तोंडावर म्हणत नाही, पण जो तो येऊन मला विचारतो, “माई कधी येणार?” जसं काही मी तुला रंगांच्या पेटीत घडी घालून ठेवलंय. हो, माई. तुला तो शब्द खपत नाही हे ठाऊक आहे. काल-परवापर्यंत सगळे ताई म्हणायचे, मध्येच माई कशी झाले, असं तू मला गाडीत तीनदा विचारलंस. आई, दिग्दर्शिका तियास माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तुझ्या गाण्यांच्या पहिल्या कॅसेटच्या वेळी ती पाळण्यातही नव्हती. तिने तुला ताई म्हणावं तरी कसं?

आणि वस्तीमावशीला सांग, तू सिनेमात भूत झालीस असं तिने गल्लीत उगाच पसरवू नये. भूत नाही. उतरत्या काळातली एक गायिका आहे. लोक तिच्या ज्या अवयवाची तारीफ करतात, तो दुसऱ्या दिवशी लाकडाचा होतो. कोणी म्हणालं बोटं किती नाजूक, की सकाळी बोटं लाकडी. तिला कळतं, तरी ती लोकांसमोर जायचं सोडत नाही, कारण तारीफ न ऐकता दिवस कसा काढायचा हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. शेवटी बाहुलीवाल्याच्या पेटीत पडलेली बाहुली होते. यात भुताचा काय संबंध? पण मावशीला हे समजावण्यापेक्षा लाकडाला समजावणं सोपं.

आता तक्रार करायला बसलोच आहे तर सगळी करून टाकतो. मी तुझ्या डोळ्याखाली लाकडाच्या भेगा कोरतो, रेषा न रेषा कालच्या फोटोशी ताडून. तू रंगवून झाल्यावर आरशाकडे तोंड करतेस आणि नखाने त्यातली एक हळूच घासून बुजवतेस. तुला वाटतं मला दिसत नाही. एकदा तियास सगळ्यांसमोर म्हणाली, “रागिल, काल माईंच्या डोळ्याखाली चार भेगा होत्या, आज तीन. आपल्या सिनेमात लाकूड औषध घेतं का?” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि तू काय म्हणालीस? “लाकूड झालं म्हणून काय, चांगल्या प्रतीचं असू शकतं की.” सगळे हसले. मीही हसलो, पण मला तेव्हा गोंदाची बाटली फेकावीशी वाटत होती. संध्याकाळी तेल लावून सावकाश काढायचे तुकडे तू उपटून काढतेस, कातडी लाल होते, आणि मग मलाच म्हणतेस, “तुझा गोंद हलका आहे.” माझा गोंद हलका नाही, आई. तुला धीर नाही.

परवा पात्रोलच्या वळणावर तो निळा ट्रक पुन्हा दिसला. मागच्या फळीवर रंगवलेली तू. केसात पिवळं फूल, खांद्यावर माइक. ड्रायव्हर दर वर्षी ईदच्या आधी तुझा चेहरा नव्याने रंगवून घेतो, त्यामुळे त्या फळीवरची तू आता माझ्याहून लहान दिसतेस. तुझं सगळं आयुष्य त्या फळीशी शर्यत लावण्यात चाललंय, आणि फळीला तर नुसता रंग लागतो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्या वैदूच्या प्रसंगाचं काय करू? गायिका डोंगरावरच्या वैदूकडे जाते, तो मंत्र पुटपुटत भाताच्या तुसाएवढी सोन्याची सुई तिच्या गालाच्या कातडीखाली सरकवतो, की म्हातारपण लांब राहावं आणि लोकांनी भाळावं. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. तू मात्र आठवडाभर तियासच्या मागे लागलीस की हा प्रसंग काढ. “मी मक्केला उम्रा करून आलेली बाई आहे. हे असलं करून कुराणपठणाच्या बायकांत मी कुठे तोंड दाखवू?” ती म्हणाली, “माई, सिनेमा आहे.” तू म्हणालीस, “माझा चेहरा काय सिनेमाचा आहे?” दोन दिवस तू जेवणाच्या वेळी तिच्याकडे पाठ करून बसलीस.

आणि मग प्रत्यक्ष शूटिंगच्या दिवशी ओमानकाकांनी वैदू म्हणून सुई हातात धरली, डॉक्टर इंजेक्शन धरतो तशी, तर तुलाच राहवलं नाही. “ओमान, खिळा ठोकतोयस का? आडवी धर. नखावर ठेव, अंगठ्याने सरकव. आणि तिच्याकडे बघत बसू नकोस, तिला बोलतं ठेव. बोलताना कातडी सैल पडते.” तियासने विचारलं, “माई, हे कुठे शिकलात?” तू म्हणालीस, “जुनी माणसं सांगायची.” ओमानकाका म्हणाले, “बाई, मग आपण दोघं दुकानच टाकू. या सिनेमात काय मिळतंय.” हशा झाला, प्रसंग उत्तम झाला, टाळ्या पडल्या. मी ब्रश धुवत होतो. माझा हात पाण्यात तसाच राहिला. पण मी काही विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धत नाही.

त्यानंतर तू दिव्याच्या स्टँडवर आदळलीस. मग चहा कपाच्या शेजारी ओतलास. मग कबूल केलंस की उजव्या डोळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात काळोख आहे, “पण वरून दिसतं ना.” बांडुंगच्या डॉक्टरीणबाईंनी तुला माझ्यासमोर सांगितलं, डोळ्याच्या मागच्या नसेवर काहीतरी दाबतंय, आतलं चित्र काढल्याशिवाय काय ते कळणार नाही, उशीर केलात तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका. तू छान मान डोलावलीस. चुंबकाच्या एमआरआय यंत्रापाशी गेलीस, पातळ झगा घातलास, फळीवर बसलीस. तिथल्या पोराने नेहमीप्रमाणे विचारलं, “आजी, अंगात कुठे धातू आहे का? दातात, हाडात, कुठेही?” तू उतरलीस. चपला घातल्यास. म्हणालीस, “मला कोंदट जागेत गुदमरतं.” मला वाटलं, आजी म्हणाला म्हणून चिडलीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळांना होतं, झोपेचं औषध देऊन करू. तू म्हणालीस, “बघू.” आणि त्याच दुपारी कानामागे माझा गोंद तसाच ठेवून इंद्रमायूची गाडी पकडलीस.

गुदमरतं? आई, ज्या माणसाने तुझ्या चेहऱ्याचा साचा काढलाय, त्याला तू हे सांगतेस. दातांचे डॉक्टर वापरतात ती गुलाबी लापशी मी तुझ्या डोळ्यांवर, ओठांवर, कानांत थापली, वर प्लास्टरच्या पट्ट्या बांधल्या, नाकपुड्यांपुरती दोन भोकं ठेवली. धडधाकट पुरुष त्यात हातपाय झाडतात. गेल्या वर्षी एक मारामारीवाला नट रडला होता. तू काय केलंस? आतल्या आत गुणगुणत बसलीस. ओठ हलल्यामुळे साच्याला चीर गेली आणि मला सगळं पुन्हा करावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी तू चक्क झोपलीस, घोरलीस. तुला कोंदट जागेची भीती नाही. तू त्या पोराच्या प्रश्नाला भ्यालीस, एवढं मला घरी जाऊन विचार करताना कळलं. प्रश्नाला का भ्यालीस, ते कळायला माझी दाढ दुखावी लागली. त्याकडे येतो.

आधी साते आठव. दौऱ्यावरून परतताना तेगालच्या रस्त्यावर गाडी थांबायची, सगळे वादक कोळशाच्या धुरात बाकावर बसायचे, काडीला टोचून भाजलेले मटणाचे तुकडे दातांनी ओढून खायचे. तू मात्र काट्याने एकेक तुकडा काडीवरून भातावर काढायचीस. तुझे, आणि मग माझेही. ढोलकीवाले सुकार्दीकाका विचारायचे, “राणीसाहेब, काडी चावते का?” तू म्हणायचीस, “काडीला तोंड लावायचं नाही. पोराच्या टाळूला लागेल.” मला मिसरूड फुटलं तरी माझ्या टाळूची काळजी संपली नाही. मी परवा-परवापर्यंत काडीला तोंड लावलं नव्हतं. शेडमधली पोरं हसायची, मी म्हणायचो, आईने लावलेली सवय. मला ते अभिमानाने सांगावंसं वाटायचं. तू वर्षातले कितीतरी दिवस घराबाहेर असायचीस, त्यामुळे भातावर काढून दिलेले ते तुकडे मी जपून ठेवल्यासारखे आठवणीत ठेवलेत.

मग शेवगा. हाजी मुस्तारींच्या कुंपणातल्या शेवग्याच्या झाडाने तुझं काय वाकडं केलं होतं? पाला आपल्या अंगणात पडतो म्हणून तू गल्लीची पंचायत बसवलीस आणि त्यांची बाळंतीण सून घरात पाल्याच्या पातळ भाजीची वाट बघत असताना ते झाड तोडायला लावलंस. आणि कपड्यांच्या दोरीखालून तू कधी गेली नाहीस. विहिरीला वळसा घालून जायचीस, पाऊस असला तरी. मी एकदा दारातच दोरी बांधली तर तू मला दिवसभर घरात घेतलं नाहीस. मी या सगळ्याला नटीचे नखरे समजत आलो. शेवग्याचा पाला अंगाला लागला की सुईचं पाणी उतरतं, मयताला आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणून तो पाला हाताशी ठेवतात, हे मला माहीत होतं. दोरीखालून गेलं किंवा काडीवरून खाल्लं तरी तेच होतं, हेही माहीत होतं. वैदूच्या प्रसंगासाठी तियासने सगळी पथ्यं गोळा केली होती, मीच ती नीट अक्षरात उतरवून भिंतीवर लावली होती. पण ती भिंतीवरची गोष्ट आणि आपलं घर यांच्यात माझ्या डोक्याने दार ठेवलंच नव्हतं.

आता दाढ. गुरुवारी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथेही विचारलं, अंगात धातू आहे का. मी म्हटलं नाही, आणि तू मला ओळखतेस, मी खात्री असल्याशिवाय नाही म्हणत नाही. यंत्र डोक्याभोवती फिरलं, पूर्ण जबड्याचा फोटो निघाला. डॉक्टरबाईंनी तो उजेडावर धरला. “दाढ आडवी आहे, काढावी लागेल.” मग बोट खाली नेत म्हणाल्या, “आणि ही कोणी घातली? लग्न जमत नव्हतं की नोकरी?” हनुवटीत, डावीकडे, एक पांढरी रेघ. भाताच्या तुसाएवढी. मी म्हटलं, काचेवर काहीतरी पडलं असेल. बाईंनी काच पुसली आणि मला परत उभं केलं. रेघ तिथेच होती. त्या म्हणाल्या, “घाबरू नका. आम्हाला अधूनमधून दिसतात. उम्रा करून आलेल्या बायकांच्यात तर जास्तच. आम्ही बघतो आणि दातांबद्दल बोलतो.”

मी घरी येऊन हनुवटी दाबत बसलो. काही लागत नाही. दुखत नाही. मग मला ती कुनिंगानच्या डोंगरावरची म्हातारी आठवली. तो दिवस मी आजवर फार वेगळ्या तऱ्हेने आठवत आलोय. कार्यक्रम नव्हता, वादक नव्हते, चाहते नव्हते. बसमध्ये तू आणि मी. तू चेहऱ्याला काही लावलं नव्हतंस. म्हातारीच्या ओसरीवर केळीच्या पानातला चिकट भात खाल्ला, मग तू माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, “वर्गातल्या मुलांची नावं सांग बघू.” मी सांगू लागलो. तेव्हा मी अडखळायचो, प्रत्येक नावाशी झगडायचो, तू कपाळावरून हात फिरवत होतीस. हनुवटीला काहीतरी टोचलं. तू म्हणालीस, मुंगी. आणि म्हणालीस, थांबू नकोस, पुढचं नाव सांग. माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं कोणी विचारलं असतं, तर मी तो सांगितला असता.

तिला बोलतं ठेव. बोलताना कातडी सैल पडते.

मला राग कशाचा आलाय ते नीट मांडायचा प्रयत्न करतो. सुई टोचल्याचा नाही. त्यानंतर माझं अडखळणं थांबलं, हे खरं आहे. शाळा आठवीत सुटली तरी कोणी मला हाकललं नाही, हेही खरं. या धंद्यात लोक म्हणतात, रागिलच्या हाती चेहरा द्यायला भीती वाटत नाही. मला वाटायचं, मी हात स्वच्छ ठेवतो, काय करणार ते आधी सांगतो, घाई करत नाही, म्हणून म्हणतात. आता मला माहीत नाही. गुरुवारपासून कोणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं की त्या सिनेमातल्या बाईसारखं मला माझ्या बोटांकडे बघावंसं वाटतं. एवढी एक गोष्ट मी स्वतः मिळवली होती, आणि तीसुद्धा तू मला विचारल्याशिवाय माझ्या तोंडात घालून ठेवलीस. माझी काळजी म्हणून. काडीवरचे तुकडेही काळजी म्हणूनच. तुझ्यावर धड चिडताही येत नाही, आई, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आणि तू? तुझ्यात किती आहेत? गालात, भुवईत, ओठात? आज हा सिनेमाही तुला त्या सुयांनीच मिळवून दिला असं तू धरून चालली असशील. तर ऐक. तियासने मला नेमताना सांगितलं होतं की तिने तुला तिच्या मामाच्या लग्नात पाहिलं. माइक बंद पडला, वीज गेली, आणि तू पंख्याशिवाय घामाघूम, काजळ गालावर ओघळलेलं, तशीच गात राहिलीस. ती म्हणाली, “त्या दिवशी त्या बाईच्या चेहऱ्यावर तिचं पूर्ण वय दिसत होतं. मला तोच चेहरा पाहिजे.” हे मी तुला आजवर सांगितलं नाही, कारण तू घाबरून आणखी एक भेग बुजवली असतीस.

मला माहीत आहे तू कशाला भितेस. डोळ्याला तू भीतच नाहीस. ती म्हातारी केव्हाच गेली, मग आता काढणार कोण. काढल्या तर चेहरा एका रात्रीत गळेल. नाही काढल्या तर अखेरीला जीव अडकून पडेल आणि गल्लीतल्या बायका शेवग्याचा पाला घेऊन येतील आणि सगळ्यांना कळेल. यातलं खरं किती, खोटं किती, मला ठरवता येत नाही. मी आठवी शिकलेला माणूस आहे. पण काल मी पुन्हा तुझ्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि तुझं नाव न घेता विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी साधा फोटो काढू, कुठे काय आहे ते बघू, सोनंच असेल तर ठीक, लोखंड मिसळलेलं असेल तर दुसऱ्या यंत्रावर करू. तिथल्या पोरांना याची सवय आहे. फक्त आधी सांगितलं पाहिजे. आई, एवढंच. एका डोळ्याचा अर्धा उजेड गेला, दुसऱ्याचा जाईल, आणि अडलंय एका वाक्यावर. शेवटच्या प्रसंगाचा पूर्ण लाकडी चेहरा तयार होऊन फडक्याखाली पडलाय, पण आतलं चित्र निघाल्याशिवाय मी तुझ्या गालाला गोंदाचा थेंब लावणार नाही. तियासला काय बोलायचं ते बोलू दे.

हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. मंगळवारी आसेप सकाळी तुझ्या दाराशी गाडी लावेल, मागची खिडकीची जागा तुझी. मी इस्पितळाच्या दारात असेन. त्या साध्या फोटोसाठी मी दोघांची नावं दिली आहेत, आधी माझं. आत गेल्यावर तो पोरगा विचारेल, अंगात धातू आहे का. मी तुझ्यासमोर, मोठ्याने, न अडखळता सांगेन: आहे, हनुवटीत डावीकडे, एक, लहानपणी आईने घालून घेतलेली. मग तुझी पाळी. तुला फक्त आकडा सांगायचाय. लाज वाटली तर माझ्या कानात सांग, मी सांगेन. आणि एक राहिलं. काल फोटो खिशात ठेवून मी कोपऱ्यावरच्या गाडीपाशी बसलो आणि साते मागवलं. पहिल्यांदाच काडीवरून खाल्लं. काही झालं नाही. बोलणं अडखळलं नाही, चेहरा गळला नाही. फक्त काडी टाळूला लागली, अजून चुरचुरतंय. तेवढं तू खरं सांगितलं होतंस.

मंगळवारी दारात तुझी वाट बघणारा,
तुझाच
रागिल